न वाजणारा डबा

"एनिदे इदरल्लि?" मेट्रोच्या स्कॅनरपाशी बसलेल्या बाईनं डब्यावर बोट टेकवून विचारलं, आणि कस्तुरीच्या अंगावर सरसरून काटा आला. काय आहे यात? सकाळपासून हा एवढा एकच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती कान टवकारून बसली होती. त्यासाठी बनशंकरीहून गाडी बदलून बेंगळुरूच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला आली होती. तिथं नटूनथटून जमलेल्या एवढ्या बायकांपैकी एकीनंही तो धड विचारला नव्हता. आणि आता, सगळं संपवून परत निघताना, खाकी शर्टातल्या या अनोळखी बाईनं तो विचारला होता. तोही पडद्यावर डब्याच्या आत नुसताच एक काळा गठ्ठा दिसत होता म्हणून. "नीवे हेळि," कस्तुरी म्हणून गेली. तुम्हीच सांगा. बाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांची, हिरव्या इरकल साडीतली, डोक्यात शेवंतीची वेणी माळलेली ही म्हातारी थट्टा करते आहे की तिचं डोकं फिरलं आहे, याचा तिला अंदाज येईना. "अम्मा, स्वल्प ओपन माडि," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "ओळखल्याशिवाय उघडायचा नसतो तो," कस्तुरीनं तितक्याच समजुतीच्या सुरात, चांगल्या कन्नडमध्ये सांगितलं. मागं रांग थांबली होती. बाईनं डबा उचलला, कानाशी नेला, हलवला. काही वाजलं नाही. "मैसूर पाक?" "इल्ला." "होळिगे?" पुरणपोळीचं हे नाव रांगेतला, लॅपटॉपची पिशवी पाठीला लावलेला एक मुलगा म्हणाला. "इल्ला." मग बाईला हसूच फुटलं. तिनं डबा पुन्हा एकदा यंत्रातून घातला, कुठल्याशा दुसऱ्या यंत्रानं चहूबाजूंनी तपासला, समाधान झाल्यावर दोन्ही हातांनी कस्तुरीच्या हातात दिला आणि म्हणाली, "सरी, होगि अम्मा. जा, तुम्ही जिंकलात."

वर फलाटावर गाडी उभीच होती, पण कस्तुरी चढली नाही. बाकावर बसली, डबा मांडीवर घेतला आणि दारं मिटून गाडी गेली तरी बसूनच राहिली. तिला हसू येत होतं आणि हसता हसताच ती डब्यावरून हात फिरवत होती. हे काय होतंय आपल्याला? परक्या माणसांनी दोन पदार्थांची नावं घेतली तर एवढं गहिवरायला काय झालं? उन्हं कलती झाली होती. खाली रस्त्यावर गाड्या एकमेकींच्या शेपटीला शेपटी लावून उभ्या होत्या, आणि समोरच्या काचेच्या इमारतीत त्याच गाड्या पुन्हा एकदा दिसत होत्या. कस्तुरीला या भागात आलं की नेहमीच आपण दुसऱ्या कुठल्यातरी गावात आलो आहोत असं वाटे. लग्न होऊन ती बनशंकरीला आली तेव्हा घरापुढं नारळाची झाडं होती आणि कोपऱ्यावरचा दुकानदार तिला अक्का म्हणायचा. तो म्हातारा होऊन गेला, त्याचा मुलगा अजूनही अक्काच म्हणतो. इकडची मुलं तिला आंटी म्हणतात. म्हणू देत बापडी. वाईट कशाचंच नव्हतं. श्वेता तर गुणाचीच पोर. पुण्याहून नोकरीला आली तेव्हा दोन वर्षं कस्तुरीच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहिली होती, रात्री-बेरात्री दमून आली की हक्कानं खाली येऊन आमटी-भात मागायची. आता तिनं इकडं मोठ्या संकुलात घर घेतलं होतं, आणि नवरात्रातला रविवार गाठून भोंडला ठेवला होता. "आंटी, तुमच्या गावाकडचा जो काय असेल तो, त्यातलं सगळं तुम्ही आम्हाला शिकवायचं. आणि तुमची खिरापत हवीच!" असा निरोप तिनं पाठवला होता.

त्या निरोपानं कस्तुरीला नको ती उभारी आली. निपाणीला त्याला भोंडला नव्हते म्हणत, हादगा म्हणत. हस्त नक्षत्र लागलं की रोज एकेका मुलीच्या अंगणात पाटावर हत्ती मांडायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची. पण खरं सांगायचं तर गाणी हे सगळं निमित्त. सगळ्यांचं लक्ष असायचं घरातून येणाऱ्या झाकलेल्या डब्याकडं. ज्या घरी हादगा, त्या घरची आई काय खिरापत करणार हे कुणालाही कळू द्यायचं नाही, आणि मुलींनी ती ओळखेपर्यंत किंवा "हरलो" म्हणेपर्यंत झाकण उघडायचं नाही, असा कडक कायदा. त्यासाठी मुली दोन-दोन दिवस दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांवर पाळत ठेवीत. सकाळी उठून तूप-गूळ घेऊन बसताना कस्तुरीला स्वतःचंच नवल वाटलं. हात आपोआप चालत होते. आज या कॉम्प्युटरवाल्या पोरींना पुरतं गारद करायचं, असं ती मनाशी म्हणत होती. अशी खिरापत, की हलवली तर वाजू नये आणि वास घेतला तर कळू नये. आईची खिरापत. तिनं ती डब्यात तळहातानं दाबदाबून भरली, वर वाटीनं ठोकली, झाकण लावलं, कानाशी नेऊन हलवून पाहिली आणि एकटीच हसली. पद्मनाभ पेपर वाचत होता. "काय करतीयस?" असं त्यानं विचारलंसुद्धा नाही. पद्मनाभ हा डबे उघडणारा माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात कुठलाही झाकलेला डबा दिसला की तो उघडून बघतो, तोंडात टाकतो आणि मग विचारतो, हे काय होतं. माणूस देवासारखा, पण त्याच्यापुढं झाकण्यात काही अर्थच नाही.

आणि व्हाइटफील्डला काय झालं, तर सगळं छान झालं. क्लबहाऊसच्या हॉलमध्ये मधोमध हत्ती होता, चांगला पितळी, फुलांनी सजवलेला. गाणी मोठ्या स्पीकरवर लागली आणि मुली मोबाइलमध्ये शब्द बघत फेर धरून नाचल्या. नागपूरची एक होती, ती म्हणाली आमच्याकडं याला भुलाबाई म्हणतात. मग पुण्याच्या आणि तिच्या लटक्या भांडणात दहा मिनिटं मजेत गेली. कस्तुरीलाही मध्ये ओढून घेतलं, कुणीतरी तिचा व्हिडिओ केला. पण एका भिंतीशी लांब टेबल मांडलं होतं आणि त्यावर खिरापतीचे डबे, उघडे, ओळीनं, प्रत्येकापुढं छापील चिठ्ठी. दाबेली. ढोकळा. चॉकलेटच्या वड्या. कोण काय आणणार हे आठवडाभर आधीच ग्रुपवर ठरलं होतं, म्हणजे दोघींनी एकच आणायला नको. त्यात गैर काहीच नव्हतं, सोयीचंच होतं. श्वेता कोरी चिठ्ठी आणि पेन घेऊन धावत आली. "आंटी, तुम्ही काय आणलंय?" कस्तुरीचा चेहरा फुलला. ती म्हणाली, "ओळख!" श्वेतानं तिच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "आंटी, सांगा ना पटकन, नट्स आहेत का त्यात? दोघीतिघी ॲलर्जीवाल्या आहेत." संपलं. बिचारीचा राग यावा असं ती काहीच बोलली नव्हती. कस्तुरीनं डबा परत पिशवीत टाकला. "राहू दे गं, तुमचंच केवढं झालंय," ती म्हणाली, आणि खरोखरच दोन दाबेल्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

दुसरी गाडी आली, तीही गेली. फलाटावर माणसं ओतली गेली आणि जिन्यांनी ओघळून गेली. कस्तुरीनं डब्यावर दोन्ही तळवे पालथे ठेवले. तिला मथुरा आठवत होती. खरं म्हणजे ती सकाळपासूनच आठवत होती, तूप पातळ करतानाच आठवली होती. पण आठवली असं स्वतःला म्हणायची कस्तुरीची छाती होत नव्हती. निपाणीत तंबाखूच्या वखारी होत्या, सगळ्या गल्लीला बारा महिने तंबाखूचा वास. नवा पाहुणा वेशीपासून शिंकत यायचा. त्यामुळं तिथं नाकाचा काही उपयोग नव्हता, खिरापत ओळखायची ती कानानं. आणि कान होता मथुरेचा. शेजारच्या घरातली, दोन वेण्यांची, पुढचे दात जरा उंच असलेली मथुरा डबा कानाशी धरायची, डोळे मिटायची, एकदाच हलवायची. आणि सांगायची. "शेंगदाण्याचे लाडू, पण एक फुटलाय." झाकण उघडावं तर एक लाडू फुटलेला. बायका म्हणायच्या हिला कर्णपिशाच वश आहे. गल्लीतल्या आया तिच्यापायी हैराण झाल्या होत्या. एकीनं चिवड्याच्या डब्यात मुद्दाम दोन सुपाऱ्या टाकल्या, तर मथुरा म्हणाली, "चिवडा, आणि काकू, सुपाऱ्या काढून घ्या, दात पडंल कुणाचातरी."

ती हरली नाही कधीच, असं म्हणता आलं असतं, एक दिवस सोडून. त्या दिवशी हादगा कस्तुरीच्या अंगणात होता आणि तिची आई ते साफ विसरली होती. तिला वाटलं होतं, उद्या. मुली पाट घेऊन दारात उभ्या, आणि घरात खिरापतीच्या नावानं शून्य. फेर धरला गेला, पहिलं गाणं सुरू झालं, आणि फेरात फिरताना कस्तुरीला स्वयंपाकघराच्या खिडकीत आईचा हात दिसला. सावकाश, सावकाश, असा खालीवर हलणारा. मग कस्तुरीनं जी गाणी लांबवली आहेत! प्रत्येक ओळ दोनदा, नंतर नंतर तीनदा. मुली वैतागल्या. तेवढ्या वेळात आईनं सकाळच्या चपात्या कुस्करल्या, त्यात गूळ, तूप, वेलदोडा घालून मलिदा केला आणि घाईघाईत पितळी डब्यात असा ठोसून भरला, की तो दगडासारखा बसला. शिळ्या चपात्यांची खिरापत! गल्लीत कळलं असतं तर आईला तोंड दाखवायला जागा उरली नसती. डबा अंगणात आला. पोरींनी नावं घेतली, एकही बरोबर नाही. मग सवयीप्रमाणं तो मथुरेकडं गेला. तिनं कानाशी धरला, डोळे मिटले, हलवला. पुन्हा हलवला. कस्तुरीला तिचा तो चेहरा आजही जसाच्या तसा दिसत होता. हक्काचं माणूस ऐनवेळी गप्प बसलं तर होतो, तसा झाला होता तो. आणि नेमकी तेव्हाच मथुरेची आई भिंतीवरून ओरडली, चल घरी, ताईला बघायला पाहुणे आलेत, पाणी कोण देणार? मथुरा जाताना सगळ्यांना बजावून गेली, "माझ्याशिवाय उघडू नका!" पण भुकेल्या पोरींपुढं हे कोण ऐकतंय! उघडला, खाल्ला, बोटं चाटली. हे आहे तरी काय यावर वाद झाला. कुणी म्हणालं रव्याचं, कुणी म्हणालं लाह्यांच्या पिठाचं. चपातीवर कुणाचाच विश्वास बसला नसता. दुसऱ्या दिवशी मथुरा आली ती दोन्ही कानांत बोटं घालूनच. "सांगू नको. मी हरले नाही. मी ओळखणार आहे."

आणि ते वर्षानुवर्षं चाललं. शाळेच्या वाटेवर, विहिरीवर, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर वाटायच्या आधी. भाजकं आहे का त्यात? नाही. दूध आहे का? नाही. मथुरेचं लग्न झालं तेव्हा अंतरपाटाच्या आधी तिनं मुंडावळ्या बाजूला सारून कस्तुरीला जवळ बोलावलं. भटजींना वाटलं काहीतरी हवं असेल. तिनं कानात विचारलं, "खसखस आहे का त्यात?" "नाही." मग अक्षता पडल्या आणि ती सासरी गेली. कस्तुरीच्या लग्नाला तिला येता आलं नाही, ती बाळंतीण होती. मग पत्ते बदलले, माणसं बदलली, आणि बोलणं जे तुटलं ते तुटलंच. भांडण नाही, तंटा नाही. असंच.

मथुरेचा नंबर कस्तुरीच्या फोनमध्ये होता. हीच तर गंमत होती. गेल्या वर्षी थोरला भाऊ आप्पाजी गेला, तेव्हा त्याच्या दिवसांना निपाणीला गेली असताना शेजारच्या पिराजीनं तो दिला होता. "मथुराबाई बेळगावात असत्यात आता. लावा की एकदा फोन," तो म्हणाला होता. वर्ष उलटून गेलं, तिनं लावला नव्हता. आधी सुतकाचं कारण होतं, मग सणाचं, मग काहीच कारण नव्हतं. भीती होती. आप्पाजी होता तोवर त्या गल्लीतलं कुणीतरी होतं. तो तिला बाई म्हणायचा, थोरल्या भावाच्या तोऱ्यात. तो गेला आणि कस्तुरीच्या लक्षात आलं, की आता तिच्याकडं बघून लहानपणीची पोर दिसेल असं जगात कुणी उरलं नाही. या शहरात तिच्यावर जीव टाकणारी माणसं होती, पण त्या सगळ्यांना ती मुळातच बायको म्हणून, अक्का म्हणून, आंटी म्हणून मिळाली होती. एक मथुरा तेवढी राहिली होती. आणि मथुरेला आपण आठवतच नसलो तर? हे काही उगाच मनात आलेलं नव्हतं. मागं एकदा तिनं संयोगिताला फोन केला होता, वर्गातली, एका बाकावर बसणारी. "अय्या हो, आठवतंय ना!" असं संयोगिता इतक्या चटकन म्हणाली, की तिला काहीही आठवत नाही हे उघड झालं. नंतर तिनं कस्तुरीला एका ग्रुपमध्ये घातलं, तिथं रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात. संयोगितानं विसरलेलं चाललं. मथुरेनं विसरलेलं चालणार नव्हतं. फोन केला नाही तोवर मथुरेला सगळं आठवत होतं. अशा हिशेबानं कस्तुरीनं तो नंबर तसाच झाकून ठेवला होता, न उघडलेल्या डब्यासारखा.

आणि खाली ती खाकी शर्टातली बाई म्हणाली होती, एनिदे इदरल्लि. कस्तुरीनं पिशवीतून फोन काढला. चष्मा लावला. आपण काय करतो आहोत हे नीट कळायच्या आत, म्हणजे न कळावं अशी काळजी घेऊनच, तिनं नावावर बोट ठेवलं. घंटा वाजायला लागली. ठेवून द्यावा, असं वाटलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, जाड, घोगरा, कुठल्याही म्हाताऱ्या बाईचा असावा तसा. "हॅलो?"

"मथुरा?"

"कोण बोलतंय?"

"मी बेंगळुरूहून बोलतेय."

"कर्ज नको आहे आम्हाला. कार्डपण नको."

"नाही नाही, ठेवू नका. मी कस्तुरी."

"कोण कस्तुरी?"

झालं. तिनं असं विचारलं, की त्यात राग नव्हता, कुतूहल नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. कस्तुरीला फलाट एकदम फार लांबरुंद वाटायला लागला. हेच होणार होतं, हे ठाऊक होतं, तरी बोट ठेवलंच. "मी निपाणीची," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "निपाणीत कस्तुरी कुणी नव्हती बाई," पलीकडची म्हणाली, जरा विचार करून, मदत करावी अशा सुरात. "तुमचा नंबर चुकला असेल." आणि मग कस्तुरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्हतीच! खरंच नव्हती! निपाणीत होती ती कस्तुराबाई, शाळेच्या पटावर आजीचं नाव घेऊन बसलेली, आणि फेर धरणाऱ्या पोरींची कस्ती. कस्तुरी झाली ती लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं तेव्हा. कस्तुराबाई फार जुनाट वाटतं, म्हणून सासूबाईंनी निवडलेलं ते नाव. मथुरा त्या लग्नाला नव्हतीच, तिला हे नाव कळणार कुठून? इतकी वर्षं ते अंगवळणी पडलं, म्हणून आपण जन्मापासून कस्तुरीच होतो अशा थाटात बोलत बसलो. आता कस्ती म्हणायचं. तेवढंच तर म्हणायचं होतं. पण ते नाव तिनं स्वतः कधी उच्चारलंच नव्हतं, ते दुसऱ्यांनी हाक मारायचं नाव. आणि तेही सांगून पलीकडून "कोण कस्ती?" असं आलं असतं, तर मग उरलं काय असतं? मथुरा फोन ठेवायच्या बेतात होती, तिचा श्वास लांब गेल्यासारखा ऐकू आला. कस्तुरीनं डबा उचलला आणि फोनपाशी धरून जोरात हलवला.

"हॅलो? काही ऐकू येईना झालंय. हॅलो?"

तिनं आणखी जोरात हलवला. शेजारच्या बाकावरचं एक जोडपं तिच्याकडं बघायला लागलं. तिनं अंगातलं सगळं बळ लावून, शेवंतीची वेणी निसटून खांद्यावर येईपर्यंत डबा हलवला. आणि मग तिला आठवलं, की आपणच सकाळी तो वाटीनं ठोकठोकून भरला आहे. वाजू नये म्हणून. तिला असं हसू फुटलं, की फोन हातातून पडायची वेळ आली. "नाही येणार ऐकू," ती हसता हसता म्हणाली. "वाजत नाहीच तो. तसाच भरलाय. ओळख."

गाडी आली, तिच्या आवाजात सगळं बुडालं, दारं उघडली, मिटली. कस्तुरी फोन कानावर दाबून बसली होती. फोन बंद झाला असेल. झाला असेल तर बरंच झालं. गाडी गेली. मग त्या शांततेत, अगदी हळू, घोगरेपणा कुठं गेला कुणास ठाऊक, आवाज आला.

"गोड की तिखट?"

कस्तुरीच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. "गोड."

"सुकं की ओलं?"

"सुकं."

"कस्ती!" मथुरा ओरडली. ती अशी ओरडली, की शेजारच्या जोडप्यालाही ऐकू गेलं. "मेले, कस्ती म्हणायचं सोडून कस्तुरी काय म्हणतेस गं? मी आपली विचार करतेय, कोण ही बँकेची बाई! कस्ती! थांब, थांब, दुसऱ्या कानाला लावते. या डाव्या कानात यंत्र बसवलंय माझ्या, त्यातनं सगळी माणसं रेडिओवर बोलल्यासारखी वाटतात. हां. आता बोल. तो तुझ्या आईचा डबा. तोच ना?"

"तोच."

"सांगू नको!" ती पुन्हा ओरडली. "खबरदार सांगशील तर. मी हरले नाही अजून."

त्यानंतर त्या दोघी काय बोलल्या आणि काय नाही, हे कस्तुरीला पुढं कधी नीट सांगता आलं नसतं. सगळं एकदमच आलं. मथुरेचे यजमान जाऊन चार पावसाळे झाले होते. मुलगा-सून चांगली होती, नातू खोडकर होता. आप्पाजी गेल्याचं कस्तुरीनं सांगितलं तेव्हा मथुरानं त्याचं नाव दोनदा पुटपुटलं. मग म्हणाली, "भिंतीवर बसून आपल्या फेराला नावं ठेवायचा. बघ, तो अजून तिथंच बसलाय बघ." आणि कस्तुरीला तो दिसलाच, पाय हलवत बसलेला, तोंडात पेरू. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या आठवणीनं तिला हसायला आलं. पण मथुरा फिरून फिरून डब्यावरच येत होती. "तुला काय सांगू कस्ती, आयुष्यात मी काय केलं विचारशील तर डबे वाजवले. खरंच. घरात काही गोड केलं की आधी थोडं डब्यात भरायचं, दाबायचं, आणि हलवून बघायचं. रवा वाजतो. बेसन वाजतं, कमी, पण वाजतं. राजगिरा तर विचारूच नको. सगळं वाजतं गं! हे म्हणायचे, कुठल्या गावची रीत ही? सून म्हणते, आईंना खुळ लागलंय. आता नातू शिकलाय माझ्याकडनं. जेवायला बसायच्या आधी डबा कानाला लावतो."

कस्तुरी ऐकत होती. एका बाईनं आयुष्यभर, दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात, आपल्या आईच्या घाईगडबडीत केलेल्या शिळ्या चपात्यांच्या मलिद्याला कान लावून ठेवला होता. आणि आपण इथं एक वर्षभर तिचा नंबर घेऊन भीत बसलो होतो, की तिला आपण आठवू की नाही! तिला स्वतःचा राग आला नाही, राग यायला वेळच नव्हता. तिला नुसता आनंद झाला, पोटातून, पोरींना होतो तसा.

"एक खूण दे," मथुरा म्हणाली.

"नाही."

"अगं एक. म्हातारी झाले मी."

"मग हरले म्हण."

"ते मेले तरी म्हणणार नाही. बरं, असं कर. उघडू नको तो. मी येते. गाडी रात्री निघते, सकाळी तुझ्या गावात. मुलाला तिकीट काढायला सांगते उद्याचं. टिकेल ना तोवर ते? किती दिवस टिकतं?"

"ती खूण झाली. सांगणार नाही."

मथुरा खो खो हसली. उंच दातांचं, तोंडावर हात न घेता हसलेलं हसू होतं ते, त्याला अजून म्हातारपण लागलेलं नव्हतं. मग तिनं कस्तुरीचा पत्ता घेतला आणि तो पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केला.

गाडीत कस्तुरीला बसायला जागा मिळाली. ती डबा मांडीवर घेऊन बसली आणि बाहेर शहराला दिवे लागत गेले. मॅजेस्टिकला गाडी बदलताना तिला कुणाचा तरी धक्का लागला, तर तिनंच हसून त्याला सॉरी म्हटलं. बनशंकरीला जिन्याखाली पद्मनाभ स्कूटर घेऊन उभा होता. "काय गं हे, स्वल्प लवकर यायचं की! मी इथं केव्हाचा थांबलोय," तो म्हणाला. तो रागावलेला नव्हता, भुकेलेला होता. तिची पिशवी घेता घेता त्याला डब्याचं वजन कळलं आणि त्याचा चेहरा उजळला. "उरलंय वाटतं काहीतरी." त्याचा अंगठा झाकणाच्या कडेखाली गेलासुद्धा. तेवढ्यात फोन वाजला. रस्त्यावर बसचा गोंगाट होता म्हणून कस्तुरीनं तो स्पीकरवर लावला, आणि घोगरा आवाज सबंध फुटपाथभर घुमला, "कस्ती! ए कस्ती, ऐक! खोबरं आहे का गं त्यात?"

फुलं विकणारी बाई वळून बघायला लागली. पद्मनाभनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्याचा अंगठा झाकणावरच राहिला होता. "ही कस्ती यारु, कोण?" त्यानं विचारलं. "कुणाला हाक मारतायत त्या?"

"मला," कस्तुरी म्हणाली. तिनं त्याच्या हातातून डबा काढून घेतला, पदराखाली धरला आणि फोनमध्ये मोठ्यानं सांगितलं, "नाही! खोबरं नाही!"